डोक्यानं मध्ये पडू नये

मैदानावर शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून नागमोडी ड्रिबलिंग करत बॉल पलीकडे न्यायचा. कुठल्याही कॉलेजच्या टीमला हा सराव पाठ असतो. २००२ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या सिअन बाइलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या खेळाडूंना आणि नवख्यांना हेच करायला सांगितलं, फक्त त्यात एक खोडी केली. एका फेरीत कानावर शब्दांची यादी पडत राहायची आणि ठरलेला शब्द आला की तो मोठ्यानं म्हणायचा. दुसऱ्या फेरीत मधूनमधून पिंग वाजायचा, आणि तेव्हा सांगायचं की आत्ता बॉलला पायाची आतली बाजू लागली की बाहेरची. म्हणजे एकदा लक्ष दुसरीकडे पळवलं आणि एकदा नेमकं पायावर आणून बसवलं.

नवख्यांचं कुणालाही वाटेल तसंच झालं. पायाकडे लक्ष दिलं तेव्हा ते बरे खेळले, लक्ष उडालं तेव्हा घसरले. मुरलेल्यांचं उलटं झालं. शब्द ऐकत, बोलत ते झरझर निघून गेले, आणि पायाकडे लक्ष द्यायला लावलं तेव्हा रेंगाळले. ज्या कामात हातखंडा, त्याच कामाकडे नीट बघायला सांगितलं तर ते बिघडलं!

पण खरी गंमत पुढे आहे. हे खेळाडू उजव्या पायाचे होते. त्यांना हाच खेळ डाव्या पायानं करायला लावला, तर ते नवख्यांसारखे वागले. डावा पाय वापरताना लक्ष दिल्यानं फायदा झाला. एकाच माणसाचा उजवा पाय पदवी घेऊन बसलेला आणि डावा अजून पहिलीत पाटी गिरवतोय, असा हा प्रकार. तुम्ही मुरलेले आहात की कच्चे, हा प्रश्न माणसाला नव्हे, एकेका अवयवाला विचारावा लागतो. मला हे वाचून अजूनही नवल वाटतं.

मनाच्या कणखरपणाबद्दल बोलायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी असं माझं मत आहे. एरवी हा विषय निघाला की दात-ओठ खाणं, छाती काढणं, ‘हार मानायची नाही’ असं ओरडणं डोळ्यांपुढे येतं. संशोधकांनीही व्याख्या केल्या आहेत. ब्रिटनच्या पीटर क्लफ यांनी कणखरपणाचे चार भाग सांगितले: स्वतःवर ताबा, कामाशी बांधिलकी, आव्हानाची ओढ आणि आत्मविश्वास. यादी चांगली आहे, भिंतीवर लावण्याजोगी. पण अंतिम सामन्यात पेनल्टी घ्यायला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला ती काही कामाची नाही. त्याला हवं असतं ते मेंदूच्या फार खालच्या मजल्यावर असतं.

तो मजला म्हणजे बेसल गँग्लिया. एमआयटीत अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या बोळात सोडलं. एका टोकाला खाऊ ठेवलेला. सुरुवातीला उंदीर हुंगत, थांबत, वळत जायचा आणि मेंदूच्या त्या भागातल्या पेशी वाटभर कामात असायच्या. वाट अंगवळणी पडल्यावर त्याच पेशी सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा जोरात बोलू लागल्या. मधला सगळा प्रवास जवळपास मुकाट. मेंदूनं अख्ख्या वाटेचं एक गाठोडं बांधलं होतं. गाठोडं उचलल्याची खूण पहिली, ठेवल्याची खूण शेवटची. मध्ये कुणी लक्ष घालायची गरज उरली नव्हती. वर्षानुवर्षं बॉल मारणाऱ्या पोराच्या मेंदूतही सवयीची गाठोडी अशीच बांधली जातात. दडपणाखाली आपण घाबरून गाठोडं सोडतो आणि आतली एकेक वस्तू तपासायला लागतो. पाऊल कुठं पडतंय, घोटा वळला का, अंगाचा भार पुढे आहे का. तिथंच घात होतो.

हे बघायचं तर टायब्रेकरसारखी जागा नाही, आणि मराठी मुलखात टायब्रेकर बघायचा तर कोल्हापूरसारखं गाव नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. नावं नीट बघा. निम्म्याअधिक संघांच्या नावात तालीम आहे. जिथं लाल माती, पहाटेचे जोर, ठरलेल्या बैठका आणि वस्तादाचा धाक होता, त्याच संस्थांनी फुटबॉलचे संघ उभे केले. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान ज्या शहराला दिलं, त्या शहराला मनाचा कणखरपणा पहाटे उठण्यातून येतो हे कुणी शिकवावं लागलं नाही. पैलवान कुस्तीच्या दिवशी नवं काही करत नाही. रोजचंच करतो, फक्त समोर माणसं जास्त असतात.

याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक. पोरगं लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलं आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या आघाडीफळीत उभं राहिलं. ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध आपण ०-३ नं हरलो, पण त्या वयात तेवढ्या गर्दीपुढे पाय न लटपटता उभं राहणं, हे घर सोडून निवासी प्रबोधिनीत काढलेल्या सकाळ-संध्याकाळींचं फळ असतं. त्या सकाळींचे फोटो कुठं छापून येत नाहीत.

टायब्रेकरकडे परत येऊ. गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. बॉल ११ मीटरवर. जोरात मारलेला बॉल साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत रेषेवर पोचतो. गोलकीपरला बघून, ठरवून, झेपावायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा अंदाजानंच उडी घेतो. इस्रायली संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या. मधोमध मारलेल्या २८.७ टक्के होत्या, आणि गोलकीपर मध्ये उभा राहिला होता फक्त ६.३ टक्के वेळा. जागेवर उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतात ‘हललासुद्धा नाही!’ उडी मारून खाल्ला तर म्हणतात ‘प्रयत्न तरी केला’. लोक काय म्हणतील ही भीती उडीत शिरते, ती अशी.

गणित सगळं मारणाऱ्याच्या बाजूनं आहे. तरीही चुकतं. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ गेयर योर्देट यांनी मोठ्या स्पर्धांमधले टायब्रेकर बारकाईनं पाहिले. हा गोल झाला की आपण जिंकलो, अशा वेळी खेळाडूंनी ९२ टक्के पेनल्टी सत्कारणी लावल्या. हा हुकला की आपण हरलो, अशा वेळी तोच आकडा साठ टक्क्यांच्या आसपास आला. बॉल तोच, अंतर तेच, गोलकीपर तसलाच. बदललं फक्त डोक्यातलं वाक्य. जिंकू म्हणून मारणं आणि हरू नये म्हणून मारणं यांत इतकी दरी असेल, हे मला तरी आकडा बघेपर्यंत खरं वाटलं नसतं. योर्देट यांना आणखी एक गोष्ट दिसली. पंचाची शिट्टी वाजल्याबरोबर घाईनं धावत सुटणारे जास्त हुकतात. त्यांना पेनल्टी घ्यायची नसते, एकदाची उरकायची असते.

इंग्लंडचा संघ यासाठी कुप्रसिद्ध होता. १९९०, १९९८ आणि २००६ अशा तीन विश्वचषकांत ते टायब्रेकरमध्येच बाहेर पडले. विश्वचषकातला टायब्रेकर ते पहिल्यांदा जिंकले २०१८ ला मॉस्कोत, कोलंबियाविरुद्ध, ४-३. त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी स्वतः १९९६ च्या युरो स्पर्धेत निर्णायक पेनल्टी हुकवली होती. ‘टायब्रेकर म्हणजे नशिबाचा खेळ’ हे वाक्य त्यांनी बाद केलं, पेनल्टीचा सराव लावला आणि पोरांना सांगितलं की घाई करू नका.

कॉलेजच्या खेळाडूंवरचा माझा आवडता प्रयोग इंग्लंडच्याच एक्झेटर विद्यापीठातला, २००९ सालचा. तिथल्या विद्यापीठ संघातल्या १४ जणांना डोळ्यांची हालचाल टिपणारा चष्मा घालून पेनल्टी मारायला लावल्या. आधी नुसत्या. मग सांगितलं की सगळ्यांचे निकाल सगळ्यांना कळतील आणि सर्वांत चांगल्याला ५० पौंड मिळतील. एवढ्याशा दडपणानं नजर बदलली. पोरं गोलकीपरकडे आधी बघू लागली, जास्त वेळ बघू लागली, आणि नजर जिथं रेंगाळली तिथंच, म्हणजे गोलकीपरच्या हाताच्या टप्प्यात, बॉल जाऊ लागला. भीती वाटते त्याच्याकडे डोळा ओढला जातो आणि पाय मुकाट्यानं डोळ्यामागं जातो. गोलकीपर हात हलवतो, रेषेवर नाचतो, ते काही उगाच नाही!

म्युनिकच्या युर्गन बेकमन यांनी तर उजव्या हाताच्या खेळाडूंना दडपणाच्या पेनल्टीआधी डाव्या मुठीत मऊ बॉल दाबायला लावला. ज्यांनी डावी मूठ दाबली त्यांचा खेळ टिकला, ज्यांनी उजवी दाबली त्यांचा ढासळला. डावा हात मेंदूच्या उजव्या भागाशी जोडलेला, त्यामुळे सतत बडबडणारा डावा भाग थोडा गप्प बसतो, असा त्यांचा तर्क. तर्काबद्दल वाद घालता येईल, आणि कुणी हा मंत्र म्हणून गळ्यात बांधू नये. पण दिशा तीच आहे, डोक्याला जरा बाजूला घ्यायचं.

आता हे सगळं मोठ्या मैदानांवरून एका लहान गावात आणू, गुडीहत्नूरला. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर, तेलंगणातल्या आदिलाबादच्या दक्षिणेला हे मंडलाचं गाव, इंद्रवेल्ली-उटनूरचा रस्ता इथूनच फुटतो. घरात मराठी, शाळेत तेलुगू, शिवारात कापूस. इकडं मैदानावर जोर कबड्डीचा, व्हॉलीबॉलचा आणि क्रिकेटचा. फुटबॉल तसा पाहुणाच. पण वर सांगितलेलं सगळं कबड्डीला जसंच्या तसं लागू पडतं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’, घड्याळात ३० सेकंद, गुण नाही आणला तर बाद. मुरलेला चढाईपटू तेव्हाही रोजच्यासारखाच मध्यरेषेला हात लावतो, रोजच्याच पायावर आत शिरतो. कच्चा मात्र आज काहीतरी वेगळं करून दाखवायला जातो आणि बोनस रेषेच्या अलीकडेच सापडतो.

इथल्या कॉलेजच्या पोराची खरी अडचण वेगळी आहे. कापूस वेचणीला आला की घरचे हाक मारतात, परीक्षा असते, एसटीसारखी इथली आरटीसीची बस गाठायची असते. सराव बुडतो, आणि बुडाला की ‘आता काय उपयोग’ म्हणून सुटतोच. त्याच्यासाठी लंडनच्या फिलिपा लॅली यांचं काम सोन्याचं आहे. त्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावायला सांगून १२ आठवडे नोंदी ठेवल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडं ऐकू येतं, त्याला यात आधार नाही. पण पुढचं महत्त्वाचं: मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. वेचणीला गेलेला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बूट बांधले की झालं.

सवय कशाला बांधायची, हेही ठरवावं लागतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी दाखवलं की ‘मी चांगलं खेळीन’ या संकल्पापेक्षा ‘असं झालं की मी तसं करीन’ ही गाठ जास्त पक्की बसते. बॉल ठिपक्यावर ठेवला की चार पावलं मागं. शिट्टी झाली की एक लांब श्वास बाहेर. मग ठरलेल्या कोपऱ्याकडे एक नजर, आणि धाव. सरावात प्रत्येक वेळी हेच, याच क्रमानं, कंटाळा येईपर्यंत. हा कंटाळाच शेवटी दडपणात उपयोगी पडतो.

आणि हे सगळं गवताच्या मैदानावरच होतं असंही नाही. याच हमरस्त्यानं उत्तरेला गेलं की नागपूर. तिथं हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ साली पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ हा चित्रपट त्यावरच बेतलेला. बारसे यांनी त्या पोरांना भाषण दिलं नाही, बॉल दिला. रोज ठरल्या वेळी कुणीतरी वाट बघतंय, एवढ्यानं पोरं मैदानावर येऊ लागतात. कणखरपणाबद्दलच्या पुस्तकांत ही गोष्ट कमी सापडते, कारण तिथं एकट्या खेळाडूचं मन तपासलं जातं. वाट बघणारा माणूस त्या तपासणीत येत नाही.

म्हणून एक विनंती, खेळाडूंना नव्हे, कडेला उभं राहणाऱ्यांना. सर असा, वडील असा, की हॉस्टेलचे दोस्त असा. सरावात हवं तेवढं बोला, चुका दाखवा, डावा पाय कच्चा असेल तर त्याच्याकडे लक्ष द्यायला लावा. पण पोरगा पेनल्टीच्या ठिपक्याकडे निघाला की ‘नीट बघून मार रे’ एवढंही ओरडू नका. त्या क्षणी गप्प बसणं हीच तुमची मदत.