बैलजोडीचा विमा

घोड्याचा विमा उतरावा कीं नाहीं, हा प्रश्न विलायतेंतील गृहस्थाला आजही पडतो, कारण तेथें घोडा शर्यतीचा किंवा स्वारीचा असतो. वऱ्हाडांत टांग्याबरोबर घोडाही रस्त्यावरून गेला. उरला तो वरातीपुरता. तोच प्रश्न अकोटच्या काळ्या जमिनींत बैलाच्या रूपानें मात्र कायम आहे. उत्तरेस सातपुडा व नरनाळ्याचा किल्ला, दक्षिणेस पूर्णेकडे उतरणारा खारपाणपट्टा, आणि मध्यें कपाशीचीं रानें. ट्रॅक्टर आला तरी उभ्या कपाशीच्या ओळींतून डवरा फिरवावयास पुष्कळांना जोडीच लागते. अशा शेतांचे कित्येक धनी अकोल्यास किंवा अमरावतीस राहतात, जोडी सालदाराच्या हातीं असते, आणि विम्याचा कागद पुढें आला म्हणजे घरांत वाद होतो कीं, आपल्या गोठ्यांत इतक्या वर्षांत एकही बैल दगावला नाहीं, मग हप्ता कशाला भरावा?

आंकड्यांनीं पाहिलें तर या शंकेंत तथ्य आहे. बैलाची किंमत ५०,००० रुपये व विम्याचा दर शेंकडा ४ आहे असें धरूं. वर्षाचा हप्ता २,००० रुपये झाला. म्हणजे अशा पंचवीस बैलांपैकीं दर सालीं एक मरेल तेव्हांच सर्वांनीं भरलेला पैसा परत येईल. शिवाय कंपनीला कचेरी चालवावयाची, दलाली द्यावयाची, नफा काढावयाचा, आणि हें सारें हप्त्यांतूनच. तेव्हां सरासरीच्या हिशेबांत विमा उतरणारा थोडा तोट्यांतच राहावयाचा. ज्याच्या गोठ्यांत वीस-पंचवीस जनावरें आहेत, त्यानें तेवढी रक्कम दर सालीं बँकेंत निराळी ठेवली तर तो स्वतःच स्वतःची विमाकंपनी होऊं शकतो.

एकाच जोडीच्या धन्याला ही सरासरी फारशी कामाची नाहीं. त्याच्या गोठ्यांत बैलाचा पंचविसावा हिस्सा मरत नसतो. मेला तर अर्धी जोडी जाते, आणि एका बैलानें औत चालत नाहीं. तेंही मृगाचा पाऊस पडून वाफसा आला असतां घडलें, तर बैलाच्या किंमतीबरोबर पेरणीची वेळही जाते. विमा बैलाची किंमत देतो, गेलेल्या आठवड्याची देत नाहीं. आणि भरपाईचा पैसा पेरणी उरकल्यावरच हातीं येण्याचा संभव अधिक. म्हणून विमा उतरणाऱ्यानेंही भाड्याच्या जोडीपुरती रोकड वेगळी ठेवणें भाग आहे.

जुन्या काळीं या संकटावर सावड हा उपाय होता. एकाचा बैल गेला तर शेजाऱ्याचा बैल त्याच्या औतास लागे, आणि पुढें तें ऋण तसेंच फिटे. विम्याचेंच हें देशी रूप. हप्ता नाहीं, कागद नाहीं, तंटाही थोडा. परंतु सावड साऱ्या गांवावर एकदम संकट आलें कीं मोडते. २०२२ सालीं लंपी चर्मरोग महाराष्ट्रांत पसरला, व अकोला, बुलढाणा, जळगांव या जिल्ह्यांना त्याचा मोठा फटका बसला. गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांची ने-आण थांबली. शेजाऱ्याचाच बैल आजारी, तेव्हां कोण कोणास देणार? दूरदूरच्या प्रांतांतून हप्ते गोळा करणारी कंपनी अशा वेळीं उपयोगी पडते. त्या सालीं राज्य सरकारनें मेलेल्या बैलामागें २५,००० रुपये मदत दिली व लसही फुकट टोंचली. पण ती मदत होती, करार नव्हे.

हप्त्याचा भार हलका करण्याचीही सोय झाली आहे. २००५-०६ सालीं निवडक १०० जिल्ह्यांत सुरू झालेली पशुधन विमा योजना दुभत्या जनावरांपुरती होती, आणि निम्मा हप्ता सरकार भरी. २०१४-१५ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानांत बैल, घोडे, गाढवें यांनाही प्रवेश मिळाला. २०२४ सालच्या बदलानें शेतकऱ्याचा वांटा १५ टक्क्यांवर आला. उरलेला भार केंद्र व राज्य ६० आणि ४० या प्रमाणांत उचलतात. वरील उदाहरणांत २,००० च्या जागीं ३०० रुपये पडतील. या दरानें विमा मिळत असेल तर एका जोडीच्या धन्यानें फार विचार करीत बसूं नये. योजना चालू आहे कीं नाहीं, हें मात्र तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारावें.

खरी मेख अटींत असते. सामान्यतः विमा मरणाचा असतो, लंगडेपणाचा नव्हे. बैल कायमचा निकामी झाल्यास भरपाई हवी असेल तर जादा हप्ता भरून तशी नोंद करून घ्यावी लागते. चोरी बहुधा वगळलेली असते. विमा उतरल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत जडलेल्या रोगाची भरपाई मिळत नाहीं. फऱ्या, घटसर्प यांची लस टोंचलेली नसेल तर त्या रोगानें आलेल्या मरणाचाही दावा फेटाळला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशीं बिबट्यानें जनावर मारलें तर वनखात्याची भरपाई निराळी आहे. तिच्यासाठीं जनावर जागेवरून न हलवितां पंचनामा व्हावा लागतो.

सर्वांत मोठें महत्त्व कानांतील बिल्ल्याला. बिल्ला नाहीं तर दावा नाहीं, असा कंपन्यांचा सरळ नियम आहे. झुडपांत अडकून तो तुटतो, सालदाराला त्यांत विशेष कांहीं वाटत नाहीं, आणि धनी अकोल्यास असतो. बैल मेला म्हणजे सालदार चांगल्या मनानें, जुन्या रीतीप्रमाणें, त्यास त्याच दिवशीं पुरून मोकळा होतो. पशुवैद्यानें शवविच्छेदन केलेलें नसलें तर पुढें कागद हालत नाहीं. म्हणून हप्ता भरण्याच्या दिवशींच बिल्ल्याचा आंकडा आणि पशुवैद्याचा दूरध्वनी गोठ्याच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा, आणि बिल्ला पडला तर त्याच दिवशीं कळवून नवा बसवून घेण्यास सालदारास सांगावें.