भीमाचे बळ कोठून आले?

पडद्यावरील पुराणे : लेखांक सहावा

जळगावहून धुळ्यास जाणारा महामार्ग पाळधी मागे टाकून अंजनी नदीकाठच्या ज्या एरंडोल गावी येतो, ते गाव म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी होय, अशी त्या मुलखाची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे; आणि तेथून जवळच, पद्मालयाच्या गणपतीच्या परिसरात, जे भीमकुंड दाखविले जाते, तेथेच भीमाने बकासुराचा वध केला, हे तिकडचे शाळकरी पोरही निःशंकपणे सांगते. वंगदेशात बीरभूम जिल्ह्यातही एक एकचक्रा आहे आणि तेथील लोकांचा दावाही तितकाच जुना आहे. या दोन दाव्यांची रुजवात घालणे हे आजच्या लेखाचे काम नव्हे. आपणांस प्रयोजन आहे ते एवढ्याच गोष्टीशी की, खानदेशाच्या या भागात भीम हा ग्रंथात बंदिस्त झालेला वीरपुरुष नसून, ज्याने आपल्या शिवारात एकदा येऊन गावावरचे संकट निवारले असा, जवळजवळ भाऊबंदांपैकीच, एक माणूस आहे. आणि ज्याच्याशी आपला असा घरोबा आहे त्याच्या जन्माची व बालपणाची हकीकत दुसऱ्या कोणी निराळ्या तऱ्हेने सांगू लागला, म्हणजे माणूस ती तटस्थपणे ऐकून घेऊ शकत नाही.

ती निराळी हकीकत २००८ साली आली. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या संस्थेने, राजीव चिलका यांच्या कल्पनेतून, पोगो वाहिनीवर ‘छोटा भीम’ ही चित्रमालिका सुरू केली आणि पाहता पाहता ढोलकपूर नावाचे एक काल्पनिक राज्य घरोघरीच्या बालगोपाळांस आपल्या गल्लीइतके परिचित झाले. या राज्यात राजा इंद्रवर्मा आहे, चुटकी व राजू ही सवंगडी मुले आहेत, जग्गू नावाचे बोलके माकड आहे, कालिया व ढोलू-भोलू हे प्रतिस्पर्धी आहेत, आणि या सर्वांच्या मध्यभागी नऊ वर्षांचा, धोतर नेसलेला, उघड्या अंगाचा भीम आहे, ज्याने लाडू तोंडात टाकला की त्याच्या दंडांत अचाट शक्ती संचारते. पुढे २०१२ मध्ये याच भीमाचा मोठा चित्रपट चित्रगृहांत लागला, आणि २०१९ साली नेटफ्लिक्सवर ‘मायटी लिटल भीम’ या नावाने त्याचे त्याहूनही मागचे वय अवतरले: नुकते रांगू लागलेले, बोलता न येणारे, आईची नजर चुकवून घरभर उलथापालथ करणारे बाळ. या दुसऱ्या मालिकेत संवादच नसल्यामुळे ती देशोदेशींच्या मुलांस भाषांतरावाचून कळली, ही तिच्या कर्त्यांची निःसंशय मोठी करामत आहे.

परंतु आपल्याकडील घरांतून या मालिकांचे जे स्वागत झाले त्यात एक अंतर्विरोध सुरुवातीपासून होता. मुलांनी हा भीम तत्काळ आपलासा केला. दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, वाढदिवसाच्या केकवर तो येऊन बसला. त्याच ओसरीवर, त्याच पडद्यासमोर बसलेल्या आजीच्या मुखातून मात्र काही वेळाने हटकून एक प्रश्न येई, आणि अहिराणी बोलणाऱ्या घरांतून मी तो निरनिराळ्या रूपांत ऐकला आहे: “याना भाऊ कोठे शेतस?” याचे भाऊ कोठे आहेत? कुंती कोठे आहे? धर्मराज नाही, अर्जुन नाही, दुर्योधनाचे नावही नाही, मग हा भीम कोणाचा कोण? आणि प्रश्नांची ही मालिका संपता संपता निवाडाही येई: “हाऊ आपला भीम नही.”

ही तक्रार म्हाताऱ्या माणसांचा हट्ट म्हणून बाजूस सारणे सोपे आहे; मला ती अतिशय विचारार्ह वाटते, आणि आजचा सारा लेख तिच्याच समर्थनार्थ आहे.

प्रथम आजीच्या मनातील मूळ हकीकत पाहू. आदिपर्वात भीमाचे बालपण विस्ताराने आले आहे. दुर्योधन ज्या दिवशी जन्मला त्याच दिवशी भीमही जन्मला. वाघाच्या भयाने कुंती दचकून उठली, तिच्या मांडीवरील बालक खाली पडले, आणि बालकास काही न होता ज्या शिळेवर ते आदळले तिच्याच ठिकऱ्या उडाल्या. पुढे हस्तिनापुरात आल्यावर हा मुलगा कौरवांस पळण्यात, पोहण्यात, कुस्तीत हरवी, त्यांचे केस धरून ओढी, पाण्यात बुडवून धरी, आणि ते फळे काढावयास झाडावर चढले की झाडच गदगदा हलवून फळांसकट त्यांना खाली पाडी. यात द्वेष नव्हता, पोरपणाचा मस्तवालपणा होता, असे व्यास आवर्जून सांगतात. परंतु ज्याला हे सोसावे लागे त्या दुर्योधनाच्या मनात द्वेष रुजला. गंगातीरी प्रमाणकोटी येथे जलक्रीडेच्या मिषाने त्याने भीमास अन्नातून विष घातले, बेशुद्ध झालेल्या चुलतभावास वेलींनी बांधिले आणि पाण्यात लोटून दिले. तो खाली गेला, नागांनी त्यास दंश केला, त्या विषाने पोटातील विष उतरले, आणि नागलोकात आर्यक नावाच्या वृद्ध नागाने त्यास आपल्या नात्यातला म्हणून ओळखिले. मग वासुकीच्या आज्ञेने त्याने रसाची आठ कुंडे प्राशन केली, आठ दिवस तो झोपला, आणि उठला तेव्हा त्याच्या अंगी सहस्रावधी हत्तींचे बळ होते.

बळाची ही उत्पत्ती ध्यानात ठेवावी. भीमाचे अमर्याद सामर्थ्य हे, प्रचलित महाभारतानुसार, आप्ताने केलेल्या विश्वासघातातून, मरणाच्या तळाशी जाऊन, अनोळखी नातलगांच्या कृपेने लाभलेले आहे. त्याच्या गदेच्या प्रत्येक प्रहारामागे प्रमाणकोटीचा तो दिवस आहे. लाडू खाऊन येणारे बळ आनंददायी आहे, निरुपद्रवी आहे. पण त्याला मागचा इतिहास नाही, आणि म्हणून ज्या श्रोत्यांना भीमाचा इतिहास ठाऊक आहे त्यांना ते बळ उपरे वाटते. येथे मालिकेच्या कर्त्यांची बाजूही न्यायाने मांडिली पाहिजे. लाडू ही केवळ मनाची कल्पना नव्हे. वृकोदराची भूक हा महाभारताचाच विषय आहे, आणि एकचक्रेच्या कथेत तर भीम बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न राक्षसाच्या डोळ्यांदेखत स्वतःच स्वस्थपणे जेवीत बसतो. शिवाय पाच-सात वर्षांच्या मुलापुढे भावानेच भावास विष घातल्याचा प्रसंग रंगवून दाखविणे किती उचित, हा प्रश्न कोणत्याही विचारी माणसास पडेल. त्यांनी आपल्या मालिकेपुरते ढोलकपूर वसविले, हस्तिनापूर वगळले, यात त्यांचा अपराध नाही.

मग आजीची हरकत चुकीची काय? माझे उत्तर असे की ती हरकत हीच या कथांची जुनी वहिवाट आहे. किंबहुना आपल्या पुराणांतील कित्येक जन्मकथा श्रोत्यांच्या अशाच हरकतींतून जन्मल्या आहेत. याचा उत्तम दाखला हनुमंताच्या चरित्रात सापडतो. वाल्मीकिरामायणात मारुतीची जन्मकथा एकदा नव्हे, दोनदा येते. किष्किंधाकांडात समुद्रतीरावर सारे वानर हताश झालेले असताना, एकीकडे मूक बसलेल्या हनुमंतास जांबवान ती सांगतो: अंजनी ही मूळची पुंजिकस्थला अप्सरा, वायूचा प्रसाद, सूर्याकडे घेतलेली झेप, इंद्राच्या वज्राने दुखावलेली हनुवटी. तेथे सांगण्याचा हेतू एकच, ऐकणाऱ्यास उठवून उभे करणे. म्हणून कथा तेवढीच आहे. उत्तरकांडात तीच कथा अगस्त्य ऋषी रामास सांगतात, पण त्याआधी राम एक प्रश्न करतो, आणि तो प्रश्न ओसरीवरच्या कोणत्याही चोखंदळ श्रोत्यास शोभेल असा आहे: हनुमान जर इतका बलाढ्य होता, तर वाली आणि सुग्रीव यांचे वैर पेटले तेव्हाच त्याने सुग्रीवासाठी वालीस का जाळून टाकिले नाही? या अडचणीच्या निरसनासाठी अगस्त्य कथेत एक नवे प्रकरण घालतात. बाल हनुमंताने ऋषींच्या आश्रमांत धुमाकूळ घातला, यज्ञपात्रे मोडिली, तेव्हा ऋषींनी शाप दिला की, तुझे बळ तुला दीर्घकाळ आठवणार नाही, कोणी आठवण करून दिली तरच ते जागे होईल. जांबवानाच्या कथनात या शापाचा मागमूस नाही. उत्तरकांड मागाहूनचे असे अनेक पंडितांचे मत आहे; ते मत खरे असेल तर माझे म्हणणे अधिकच दृढ होते, कारण मग असे मानावे लागते की पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रोते जो प्रश्न विचारीत आले तो कवीने शेवटी प्रत्यक्ष रामाच्याच मुखी घातला आणि त्याचे उत्तर म्हणून जन्मकथेत एक दालन वाढविले.

धुळ्याच्या वाचकांस तर हे रामायण विशेष जवळचे असावयास हवे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची कागदपत्रे गावोगाव हिंडून गोळा केली आणि धुळ्यास श्रीसमर्थ वाग्देवता मंदिराच्या रूपाने त्यांचे जे दप्तर उभे राहिले, त्यात रामदासस्वामींच्या हस्ताक्षरातील वाल्मीकिरामायणाची पोथी जतन केलेली आहे. ज्या पुरुषाने महाराष्ट्रात मारुतीची उपासना गावागावांत पोहोचविली त्याने ही संहिता स्वतःच्या हाताने उतरून घेतली होती.

पुढे मराठीत ही जन्मकथा आणखी बदलली. श्रीधरांच्या ‘रामविजया’तून आणि कीर्तनांतून आपल्याकडे रूढ झालेली हकीकत अशी की, दशरथाच्या यज्ञातील पायसाचा कैकेयीच्या वाट्याचा पिंड घारीने पळविला आणि तो अंजनीच्या ओंजळीत पडला. ही हकीकत वाल्मीकींत नाही. तिच्यामागेही मला श्रोत्याचाच एक प्रश्न दिसतो: रामाला मारुती सख्ख्या भावासारखा का वाटावा? ज्या पायसापासून राम, त्याच पायसापासून मारुती, हे त्याचे उत्तर.

उत्तरकांडातील त्या शापकथेवरच २०२१ मध्ये हॉटस्टारवर सुरू झालेली ‘द लेजंड ऑफ हनुमान’ ही चित्रमालिका उभी आहे. आपल्या सामर्थ्याची ओळख हरवलेला हनुमान स्वतःचा शोध घेतो, हे तिच्या पहिल्या पर्वाचे सूत्र असून हिंदीतील निवेदनाचा गंभीर स्वर शरद केळकर यांचा आहे. ही मालिका वडीलधाऱ्यांनीही आदराने पाहिली याचे कारण मला तिच्या चित्रकलेपेक्षा या सूत्रात दिसते. श्रोत्यांच्या जुन्या प्रश्नाचे जुने उत्तर तिने टाकून दिले नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅन प्रथम छापून आला तेव्हा त्याच्या उत्पत्तीस एक पान पुरले होते: नाशाच्या काठावरील एका अनाम ग्रहावरून आलेले मूल, वाटसरूला सापडलेले, अनाथालयात ठेवलेले. पण वाचकांस त्याचे बळ पाहून त्याचे घर विचारावेसे वाटले, आणि पुढच्याच वर्षी ग्रहास नाव मिळाले, मुलास पाळणारे केंट दांपत्य मिळाले.

श्रोत्यांच्या प्रतिक्रियेचे दुसरे, अधिक उग्र रूपही आपण पाहिले आहे. जपानी दिग्दर्शक युगो साको यांनी १९८३ साली रामायणकालीन अवशेषांवर माहितीपट केला, त्याविषयी वृत्तपत्रातून विपर्यस्त वार्ता आली, आणि परदेशी माणूस रामाचे चित्र काढतो म्हणून निषेधाचे पत्र दिल्लीच्या जपानी वकिलातीत गेले. साकोंची धारणा अशी होती की, राम हा देव, त्यास कोणा नटाच्या देहात दाखविण्यापेक्षा रेषांत दाखविणेच अधिक उचित. राम मोहन यांच्यासारख्या भारतीय चित्रकाराच्या सहकार्याने त्यांचा रामायणावरील चित्रपट असा रेषांतच १९९२ मध्ये पुरा झाला, दूरचित्रवाणीवर एका पिढीने तो मनापासून पाहिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या पिढीतील लोक आपली मुले घेऊन तो चित्रगृहात पाहावयास गेले. प्रथम हरकत घेणारा समाज आणि नंतर प्रेमाने स्वीकारणारा समाज एकच होता, आणि दोन्ही वेळी त्याच्या मनात कथेवरचा आपला हक्क जागा होता.

तर मग ‘छोटा भीम’पुढे बसलेल्या आजीच्या प्रश्नात उणीव कोणतीच नाही. उणीव आहे ती उत्तर देणाऱ्याची. चातुर्मासात देवळात ‘पांडवप्रताप’ लागे तेव्हा पुराणिकबुवा समोर असत. ओवी संपली की कोणी विचारी, बुवा थांबून समजावीत, कधी दुसऱ्या ग्रंथाचा हवाला देत. खानदेशातल्या वहीगायनात, डफाच्या तालावर रात्र चढत जाते तेव्हा, गाणाऱ्याला समोरच्या माणसांची मर्जी आणि माहिती या दोहोंचे भान ठेवावे लागते. एरंडोलकडच्या मंडळीपुढे भीमाची वही म्हणताना एकचक्रेचा प्रसंग घाईने आटोपण्याचे धाडस मला वाटत नाही कोणी करील. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. त्या हस्तलिखितांतील पाठभेदांचा एक मोठा भाग अशाच गावोगावच्या श्रवणातून उपजला असला पाहिजे. पडदा मात्र सर्व गावांना एकच पाठ दाखवितो आणि प्रश्न विचारला तरी पुढचा भाग सुरू करतो. ढोलकपूरचा भीम हैदराबादेत जसा, तसाच एरंडोलात. पद्मालयाच्या भीमकुंडाकडे त्याचे पाऊल वळणे शक्य नाही.

म्हणून माझी पालकांस कळकळीची सूचना आहे. मालिका बंद करू नका. मुलाला तिने भीमाचे नाव आणि भीमावरचे प्रेम दिले आहे, आणि ही लहान देणगी नव्हे. पण मूल त्या भीमाच्या वयाचे, आठ-नऊ वर्षांचे, झाले की आजीला पडद्याच्या शेजारी नव्हे, पडद्याच्या जागी बसवा, आणि प्रमाणकोटीची कथा तिच्या तोंडून होऊ द्या. विषाचा प्रसंग वगळू नये. या वयाचे मूल वर्गातील मत्सर, खेळातील डाव, जवळच्याने केलेली फसवणूक यांची चव घेऊ लागलेले असते. भीमाच्या बळाचा उगम त्याला ज्या वयात खरोखर कळू शकतो ते हेच वय. आणि जमल्यास त्याला एकदा पद्मालयास न्यावे. तेथे डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती एकत्र पाहून झाल्यावर भीमकुंडापाशी ते मूल जे विचारील त्याचे उत्तर कोणत्याही वाहिनीवर नाही. ते घरच्यांनाच द्यावे लागेल, आणि त्यासाठी आदिपर्व नव्याने उघडावे लागले तरी ते उघडावे.

पुढील आठवड्यात सातपुड्यातील अस्तंब्याकडे वळू. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो आदिवासी भाविक ज्याच्यासाठी त्या शिखराची वाट चढतात, त्या अश्वत्थाम्याने अलीकडे चित्रपटांत पुन्हा प्रवेश केला आहे, आणि त्याच्याविषयीच्या हरकतींचे स्वरूप भीमाहून फार निराळे आहे.