पोथीचा फोटो काढला, पण पोथी वाचली का?

ज्यांना इअरफोन लावून ऐकण्यापेक्षा बसमध्ये वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिखित रूपात. अडखळले ते काढून टाकलंय, विषयांतर मात्र तसंच ठेवलंय.

मी वेरूळची, हे तुम्हाला माहीत आहे. लेण्यांच्या पार्किंगजवळ आमचं दुकान आहे आणि सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर मी असते. मागच्या हिवाळ्यात कॉलेजची दोन मुलं पाण्याची बाटली घ्यायला आली. त्यातल्या एकाने मोबाइलवर रील दाखवलं. इजिप्तमधल्या देंदेरा इथल्या देवळाचं छत, त्यावर दगडात कोरलेलं गोल आकाश, राशी, तारे. म्हणाला, "ताई, तुमच्या लेण्यांत आहे का असं काही?" मी म्हटलं, "नाही." (कैलास लेणं एलियन्सनी कोरलं का, हे त्याने विचारलं नाही, याचाच मला आनंद. तो प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो.)

रात्री मी त्या छताबद्दल वाचत बसले. रीलमध्ये न सांगितलेली गोष्ट ही, की ते छत देंदेऱ्यात नाहीच. १८२१ साली एका फ्रेंच माणसाने करवती आणि सुरुंगाची दारू वापरून ते काढलं, आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. देवळात आहे ती नक्कल. शिवाय ते फार जुनंही नाही, इ.स.पू. ५० च्या आसपासचं. इजिप्तची त्याहून जुनी खगोलविद्या आहे शवपेट्यांच्या झाकणांवर, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. आकाशाचे ३६ तारकागट धरायचे. साधारण दर दहा दिवसांनी त्यातला एक नवा गट पहाटे उगवताना दिसतो. त्यावरून रात्रीचा प्रहर कोणता ते सांगायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याचं कोष्टकच रंगवलेलं. मेलेल्या माणसालाही वेळ कळायला हवी ना!

ही झाकणं जगभरच्या संग्रहालयांत पांगली आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सारा सायमन्स यांनी त्यांचा एक डेटाबेस उभा केलाय. नुसता फोटोंचा ढीग नाही तो. कुठल्या झाकणावर, कुठल्या रकान्यात, कुठल्या ताऱ्याचं नाव आलंय, हे वाचून नोंदवलेलं. म्हणजे दोन देशांतली दोन झाकणं शेजारी ठेवून ताडून बघता येतात. फोटो काढणं आणि फोटोतलं वाचून ठेवणं, यातला फरक मला तिथे पहिल्यांदा नीट कळला.

आणि मग लक्षात आलं की त्या मुलाला मी चुकीचं उत्तर दिलं. लेण्यांत नसेल, पण लेण्यांपासून लांबही नाही. वेरूळहून कन्नड, तिथून औट्रम घाट उतरायचा, की जळगाव जिल्हा. चाळीसगाव तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी पाटण. पाटणादेवीला तुमच्यापैकी अनेक जण जाऊन आले असतील, धबधब्याचे फोटोही टाकले असतील. तिथल्या देवळात एक शिलालेख मिळाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो जगासमोर आणला. पुढे कीलहॉर्न यांनी तो नीट संपादून छापला.

लेख सांगतो तो असा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. सिंघणाची राजधानी देवगिरी, म्हणजे आपला दौलताबाद, आमच्या दुकानातून बसने अर्ध्या तासावर. या चांगदेवाने पाटणला एक मठ काढला. कशासाठी? तर आजोबांचे 'सिद्धांतशिरोमणी' वगैरे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. देव बसवायला नाही, पुस्तक शिकवायला मठ! निकुंभ घराण्यातल्या स्थानिक राजाने, सोइदेवाने, त्याला उत्पन्न लावून दिलं. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मला तोच सगळ्यात आवडतो. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला. जेवढे तेलाचे घाणे चालतील, तेवढ्या घाण्यांमागे पळी पळी तेल मठाला. खगोलशास्त्र टिकवायचा खर्च बाजारातून आणि घाण्यावरून निघत होता. आजच्या भाषेत बोलायचं तर सर्व्हरचं भाडं कोण भरणार, हे त्यांनी आधी ठरवलं आणि मग ते दगडावर कोरलं.

आता तारखेची गंमत. दान दिलं ते श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहण चालू असताना. लेखात साल दिलंय शके ११२८ आणि संवत्सराचं नाव प्रभव. हे दोन्ही जुळतं का? तुम्हीच बघा. १९८७ च्या पाडव्याला शके १९०९ लागलं आणि संवत्सर होतं प्रभव. संवत्सरं साठ, दर साठ वर्षांनी तेच नाव परत. तेरा फेऱ्या मागे गेलात की ७८० वर्षं कमी होतात, साल येतं शके ११२९. लेखात ११२८. एका वर्षाचा फरक! अभ्यासकांनी संवत्सर, महिना, तिथी आणि ग्रहण हे सगळं एकत्र मांडून तारीख काढली ती ९ ऑगस्ट १२०७, वार गुरुवार. त्या रात्री ग्रहण येतं का, हे आज फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही तपासता येतं. पण समजा कुणी शिलालेखाचा उत्तम फोटो काढला, मशीनने आकडा वाचला आणि डेटाबेसमध्ये ११२८ भरलं, तर फोटो अचूक आणि नोंद चुकलेली. मशीनचा दोष नाही त्यात. प्रभव हा शब्द कशाशी ताडायचा, हे माहीत असलेला माणूस मध्ये लागतो.

ग्रंथांच्या पोथ्यांत तर हे पदोपदी. ज्योतिषाचे ग्रंथ पद्यात, त्यामुळे आकडे शब्दांत बसवलेले. भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मसाल असंच सांगितलंय. रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, म्हणजे एक. उलटीकडून वाचायचं, शके १०३६. म्हणजे इ.स. १११४. फोनमधलं अक्षर ओळखणारं अ‍ॅप 'मही' वाचेलही, पण ती इथे हजाराच्या घरात बसलीय हे त्याला कोण सांगणार?

दुसरं, रंग. 'हरताळ फासणे' आपण सर्रास म्हणतो. लेखनिक चुकला की त्या अक्षरांवर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप द्यायचा आणि वर पुन्हा लिहायचं, तिथून तो शब्द आलाय. आता पोथी काळी-पांढरी स्कॅन करा. लेप गेला, चूक कुठली आणि दुरुस्ती कुठली ते कळेनासं झालं. हरताळावरच हरताळ!

इथपर्यंत दुसऱ्यांचं बोलले. आता घरचं.

माझे आजोबा गावात पंचांग सांगायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील. माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली पोथ्यांची चळत होती. मी अकरावीत असताना नवा फोन मिळाला म्हणून त्यातल्या एका पोथीच्या दोन पानांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. "वा बाळा" म्हणून अंगठे आले. बाकीची पाने नंतर काढू म्हटलं. आजोबा गेले, घर रंगवायला काढलं, आणि काकांनी चळत पैठणला नेऊन गोदावरीत सोडली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जीर्ण पोथी रद्दीत जाऊ नये म्हणून आदराने पाण्यात सोडायची, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तो जुना फोनही पुढे बंद पडला. उरलं ते ग्रुपवर गेलेलं, पाठवताना आकसलेलं चित्र.

हे चित्र मी संस्कृत शिकवणाऱ्या एका बाईंना दाखवलं. त्यांनी मोठं करून बघितलं आणि म्हणाल्या, हा 'ग्रहलाघव' आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, रचलेला. महाराष्ट्रातली पंचांगं शेकडो वर्षं त्यावर चालली. मी सुटकेचा श्वास सोडला, कारण तो कितीदा तरी छापून झालाय. बाई म्हणाल्या, "ग्रंथ मिळेल गं. समासात हे काय लिहिलंय, ते मात्र कुठेच मिळणार नाही."

समासात वेगळ्या हातचे आकडे होते. पणजोबांचे असावेत.

ते समजायला थोडं गणित. ग्रह आज कुठे आहे हे काढायचं, तर एका ठरलेल्या दिवसापासून किती दिवस उलटले ते आधी लागतं. त्याला म्हणतात अहर्गण. तुमचा फोनही हेच करतो, १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत बसतो. पण दिवसांचा आकडा लाखांत गेला की हाताने गुणाकार करणाऱ्याचे हाल. गणेश दैवज्ञांनी युक्ती काढली. अकरा वर्षांचं एक चक्र धरायचं, ४०१६ दिवसांचं. चक्र पूर्ण झालं की मोजणी परत पहिल्यापासून, फक्त कितवं चक्र ते बाजूला लिहून ठेवायचं.

माझ्या फोटोत समासात स्पष्ट दिसतंय, २३७०. त्याच्या डावीकडे चक्राचा आकडा असणार. तिथे पान धरलेला माझा अंगठा आलाय.

शके १८२२ चं चक्र चौतिसावं. पणजोबांच्या हिशेबात चौतीस ते अडतीस, यातलं कुठलंही बसतं. म्हणजे १९००, १९११, १९२२, १९३३ किंवा १९४४ चा जुलै. तिथीवरूनही सुटत नाही, कारण ४०१६ दिवस म्हणजे जवळजवळ नेमके १३६ चांद्रमास. पाचही वेळा श्रावण नुकताच लागलेला.

तुमच्या घरी माळ्यावर चळत असेल तर एवढं करा. पान सपाट ठेवा, हाताने धरू नका, शेजारी मोजपट्टी ठेवा. रंगीत काढा, चारही कडा आल्या पाहिजेत. पानाची पाठही काढा, पानाचा क्रमांक बहुतेक वेळा तिथेच असतो. शेवटचं पान आधी काढा, कारण लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि साल शेवटी असतं. ग्रुपवर टाकायचंच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मग पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी किंवा जवळच्या कॉलेजात कुणी वाचणारं आहे का ते विचारा.

ती पाच सालं मी वहीत लिहून ठेवलीत. काकांना विचारलं, त्यातल्या एखाद्या श्रावणात घरात काही घडलं होतं का, कुणाचा जन्म, लग्नाची बोलणी, काहीही. ते म्हणाले, आत्याला विचारतो.