सायलेन्सर बदलला, पण कानाचे काय?

आपल्या वस्त्यांमध्ये हल्ली फटफट आवाजाच्या गाड्या वाढल्या आहेत. गाडी नवी घ्यायची आणि महिन्याभरात कंपनीचा सायलेन्सर काढून 'पंजाब' किंवा 'इंदोरी' सायलेन्सर बसवायचा. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत, तो गॅरेजवाल्याकडून आतल्या जाळ्या कापून घेतो. चारचाकीवालेही आता यात मागे नाहीत.

कष्टाच्या पैशाने घेतलेल्या गाडीचा अभिमान असण्यात काही गैर नाही. ज्यांच्या आजोबांना गावात वरातीत घोड्यावर बसू दिले जात नव्हते, त्यांच्या नातवाने ऐटीत गाडी फिरवावी, याचा आम्हाला आनंदच आहे. पण या आवाजाची किंमत घरातलेच लोक चुकवतात. ती कशी, हे या वेळी पाहू.

सायलेन्सर काय काम करतो?

इंजिनात पेट्रोल जळते, तेव्हा तापलेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. सायलेन्सरमध्ये लहान कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. त्यात आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मंद होतात. हे कप्पे काढले की आवाज जसाच्या तसा बाहेर येतो.

1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांमध्ये धूर जाण्याच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मधाच्या पोळ्यासारख्या या भागावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तो बराचसा निरुपद्रवी करतो. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, पण रक्तातील प्राणवायूची जागा तो घेतो. आपल्या गल्ल्या चार-पाच फुटांच्या. दारातच चूल, दारातच बाळाचा पाळणा. कन्व्हर्टर काढलेली गाडी तिथे चालू ठेवली, तर तो धूर सरळ घरात शिरतो.

'सायलेन्सर बदलला की पिकअप वाढतो,' असे पोरे म्हणतात. आवाज वाढल्यामुळे वेग वाढल्यासारखा वाटतो, एवढेच. इंजिन तेच राहते. वॉरंटी मात्र हातची जाण्याची शक्यता असते आणि महाग धातूंचा मूळ सायलेन्सर भंगारात जातो.

कानाचे नुकसान भरून येत नाही

आपल्या प्रत्येक कानाच्या आत सुमारे 15 हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाज मेंदूपर्यंत पोहोचवण्याचे काम त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसता येतो, असे तज्ज्ञ मानतात. त्यापुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 94 ला एक तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटे. म्हणजे पहिला धोका गाडी चालवणाऱ्या पोरालाच आहे.

उघड्या मैदानात आवाज लवकर विरतो. आपल्याकडे दोन्ही बाजूंना भिंती, वर पत्रे. त्यामुळे तो गल्लीतच घुमत राहतो. रात्री अचानक असा आवाज झाला, तर झोपमोड झाली नाही तरी शरीर दचकते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. रोजच असे झाले, तर उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. घरात बीपीचे आजी-आजोबा, बाळंतीण किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस असेल, तर त्याला विचारून पाहा.

अभ्यासाची शांतता

बाबासाहेब शाळेत असताना परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब राहत होते. रामजी बाबा स्वतः जागत आणि पहाटे दोनला त्यांना अभ्यासाला उठवत, कारण तीच वेळ शांत असे. आजही वस्तीतली कितीतरी मुले-मुली रात्री सगळे झोपल्यावर पुस्तक उघडतात. त्यांच्याजवळ वेगळी खोली नाही, तेवढी शांतता आहे. ती आपल्याच गाडीने मोडू नये.

सामञ्ञफल सुत्तात एक प्रसंग आहे. वैद्य जीवकाच्या आमराईत भगवान बुद्ध साडेबाराशे भिक्खूंसह थांबले होते. राजा अजातशत्रू रात्री तिथे निघाला. एवढ्या लोकांचा जरासाही आवाज येईना, म्हणून तो घाबरला आणि दगा तर नाही ना, असे जीवकाला विचारू लागला. आपली परंपरा एवढ्या शांततेची आहे.

कायदा काय म्हणतो?

निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. गाडीत असा बदल केल्यास मोटार वाहन कायद्यानुसार 5 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाच्या प्रदूषणासाठी दंड 10 हजारांपर्यंत जातो आणि लायसन्स तीन महिने रद्द होऊ शकते. एवढ्या पैशात एका मुलाची वह्या-पुस्तके आणि क्लासची फी निघते.

आपण काय करावे?

- गॅरेजवाल्याला मूळ सायलेन्सर देऊन टाकला नसेल, तर तोच परत बसवा. नवी गाडी घेतानाच आई-वडिलांनी हे ठरवून घ्यावे.
- कानात सतत शिट्टी वाजणे, समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारावे लागणे, टीव्हीचा आवाज वाढवावा लागणे ही लक्षणे दिसली, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तपासणी करा. कानात तेल घालू नका. अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.
- गल्लीत शिरताना वेग कमी ठेवा. दारात गाडी उभी असेल, तर इंजिन बंद ठेवा.
- विहारातल्या बैठकीत हा विषय घ्या. पोरांना चारचौघांत अपमानित करू नका, शेजारी बसवून सांगा. 14 एप्रिलच्या बाईक रॅलीत फक्त कंपनीच्या सायलेन्सरच्या गाड्या असतील, असा ठराव मंडळानेच करावा. आपल्या पोरांना समजावण्याचे काम पोलिसांवर सोडण्यापेक्षा आपण केलेले बरे.

गाडी जरूर घ्या, दिमाखात चालवा. मात्र पाळण्यातले बाळ झोपलेले असू द्या आणि दिव्याखाली वाचणारी मुलगी वाचत राहू द्या.

जयभीम!