काडतुसांचा दोष कसा ओळखावा

५० मीटर रायफल नेमबाजीत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले, ते याच अंतरावर. तेथे नेम चुकू लागल्यास दोष हाताचा, नळीचा की काडतुसाचा, हे ठरविणे अवघड असते.

गोळ्या कोणत्या दिशेने विखुरतात, हा पहिला पुरावा होय. आडव्या विखुरल्यास संशय वाऱ्यावर जातो, उभ्या विखुरल्यास वेगावर. हवेचा रोध वगळल्यास, सेकंदाला ३२० मीटर वेगाची गोळी ५० मीटरांत सुमारे १२० मिलिमीटर खाली येते; वेग ३१० असल्यास सुमारे १२८. हा ८ मिलिमीटरांचा फरक म्हणजे फलकावरील एका वलयाची रुंदी! उष्णतेने दारूचे ज्वलन वेगवान होते. तेव्हा सोलापुरात वैशाखातील सकाळी बसविलेला नेम दुपारी किंचित वर सरकल्यास नवल नाही.

हाताने भरलेल्या काडतुसांत दारू पुन्हा तोलून पाहता येते. .२२ च्या काडतुसात मात्र प्रज्वलक मिश्रण बुडाच्या कडेतच असते आणि एकदा ठेचलेली कड पुन्हा उपयोगी पडत नाही. म्हणून तेथे दुरुस्ती नव्हे, निवड करावी लागते. रायफल शिकंज्यात पक्की करून निरनिराळ्या उत्पादन-गटांची काडतुसे झाडतात. गट बदलताच विखुरणे घटले तर दोष काडतुसाचा. कशानेच घटले नाही तर नळी तपासावी. पाच गोळ्यांच्या एका सुबक पुंजक्यावर भाळणे मात्र धोक्याचे, कारण अशा पुंजक्याचा विस्तार निव्वळ योगायोगानेही दीडपट बदलतो.