कतारगामच्या घंटीवरचा ऊर्जेचा हिशेब

जगातील बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत, आणि तिथे या कामासाठी वराछाइतकेच कतारगाम प्रसिद्ध आहे. कारागीर ज्या यंत्राभोवती बसतात त्याला ‘घंटी’ म्हणतात. त्यावरची बिडाची तबकडी मिनिटाला काही हजार फेरे घेते. तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी तिच्यावर लावतात आणि हिरा टेकवून घासतात.

इथे विजेची ऊर्जा गतीत बदलते आणि गती घर्षणाने उष्णतेत. कार्बनच्या अणूंमधले बंध तोडायला तिचा अगदी थोडा भाग लागतो. आवाजही शेवटी भिंतींत विरून उष्णताच होतो. घंटीने एक युनिट, म्हणजे 36 लाख ज्यूल वीज घेतली, की जवळजवळ तेवढीच उष्णता खोलीत येते. गिझरही एका युनिटात एवढीच उष्णता देतो.

घर्षणातून उष्णता निघतच राहते, हे रम्फर्डने 1798 मध्ये तोफेची नळी कोरताना दाखवले. 1840 च्या दशकात मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून ऊर्जा अक्षय्यतेचा नियम उभा राहिला: ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, फक्त रूप बदलते.

रसायनशास्त्रात हेसने 1840 मध्येच सांगितले होते, की अभिक्रिया कोणत्याही टप्प्यांनी घडवा, एकूण उष्णता तीच राहते. हिऱ्याइतके याचे सुंदर उदाहरण क्वचितच सापडेल. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, हे टेनंटने 1797 मध्ये हिरा जाळूनच सिद्ध केले. 12 ग्रॅम हिरा जळताना 395.4 किलोज्यूल उष्णता देतो, तेवढेच ग्रॅफाइट 393.5. दोन्हींचा शेवट कार्बन डायऑक्साइडच. म्हणून हिऱ्याचे ग्रॅफाइट झाले, तर फरकाचे 1.9 किलोज्यूल बाहेर पडलेच पाहिजेत. प्रत्यक्ष रूपांतर न घडवताही हे उत्तर मिळते. एका कॅरेटला, म्हणजे 0.2 ग्रॅमला, हा फरक जेमतेम 32 ज्यूल भरतो.

मग हिरा आपोआप ग्रॅफाइट का होत नाही? कारण अणूंची घट्ट रचना मोडायला आधी बरीच ऊर्जा पुरवावी लागते. लेझरने हिरा कापताना ती मिळते आणि कापाच्या कडेला काळे ग्रॅफाइट दिसते. घंटीवर हिरा फार तापला, तर पैलूवर जळका डाग पडतो. अक्षय्यतेचा नियम किती ऊर्जा सुटेल ते सांगतो. बदल केव्हा आणि किती वेगाने होईल, हे तो सांगत नाही.