स्थिर सूर आणि खोडदचा शेजार

जुन्नर-आंबेगावकडे सभेला गेलो की मजुरीचे, बोनसचे बोलणे संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो : “त्या खोडदच्या दुर्बिणीपायी आमची रेल्वे गेली, हे खरे काय ?” पुणे-नाशिक रेल्वेचा योजिलेला मार्ग दुर्बिणीस बाधा येते म्हणून बदलावा लागेल, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२५ साली सांगितले, तेव्हापासूनचा हा प्रश्न आहे. विचारणाऱ्याचा राग आम्हांस समजतो. परंतु बाधा म्हणजे नेमके काय, हे आम्हांस स्वतःला कळले ते पुस्तकातून नव्हे, तर हौशी बिनतारी संदेशवहनासाठी एक लहानसे यंत्र बनविताना. त्याचीच ही हकीकत.

खोडदच्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी, सोळा तीन फाट्यांवर; टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. डॉ. गोविंद स्वरूप यांनी तबकडी भरीव पत्र्याची न करता ताणलेल्या दोरांवर पोलादी तारेची जाळी बसविली. लहर लांब असली म्हणजे तिला जाळीची भोके दिसत नाहीत आणि वारा मात्र आरपार जातो. म्हणून सांगाडा हलका आणि खर्च थोडा. थोड्या पैशांत मोठे काम करण्याची ही रीत आम्हां कामगारांस फार जवळची वाटते. या ३० तबकड्यांचे ऐकणे एकत्र जुळवावयाचे तर सर्वांना एकच ताल हवा. तो मध्यवर्ती इमारतीतल्या एका प्रमाण आंदोलकापासून निघतो व काचतंतूंतून प्रत्येकीकडे जातो. आंदोलक म्हणजे ठराविक वेगाने विजेचे झोके देणारे मंडल. तो डळमळला तर ३० तबकड्या असून नसल्यासारख्याच.

आमचे यंत्र हा असाच एक गरीब आंदोलक. २००७ सालच्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी मंडळींस १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा दुय्यम हक्काने दिला. येथे एक लहर सुमारे २,२०० मीटर लांबीची असते. पाव लहरीची एरियल उभारायची म्हटले तरी साडेपाचशे मीटरचा खांब लागेल ! एरियल तोकडी, म्हणून बाहेर पडणारी शक्ती अत्यल्प. आणि म्हणून संदेश फार सावकाश पाठवितात. मोर्सचा एकेक ठिपका तीन सेकंदांचा. असा संदेश ऐकणारा हर्ट्झच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या अरुंद फटीतून ऐकत असतो. सूर तेवढा सरकला की संदेश फटीबाहेर गेला.

आमचे शालेय शिक्षण नववीत सुटले. पुढचे शिक्षण रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाले. तिथल्या सवयीने पहिला आंदोलक आम्ही तारेचे वेटोळे आणि धारित्र घेऊन केला. वेटोळे तापले की फुगते, फुगले की सूर उतरतो. संध्याकाळी बसविलेला सूर रात्री जेवून येईपर्यंत चाळीस हर्ट्झ घसरला होता. शिवाय शेतातल्या मोटरी सुरू झाल्या की दाब पडे आणि सूर आणखी हले. महिनाभर आम्ही त्याच्याशी भांडलो. आता वाटते, आठवड्यातच सोडायला हवा होता.

मग भंगारातला एक बटणांचा टेलिफोन हाती आला. बटणांचे सूर ओळखणाऱ्या किंवा निर्माण करणाऱ्या मंडलात पुष्कळदा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा गारगोटीचा स्फटिक असतो. अमेरिकेने १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीसाठी हा आकडा ठरविला. असे स्फटिक लक्षावधींनी निघाले आणि मातीमोल झाले. या आकड्यास २६ ने भागा : १३७.६७५ किलोहर्ट्झ, बरोबर पट्ट्यात ! आपल्याकडच्या रंगीत संचातला ४.४३ मेगाहर्ट्झचा स्फटिक मात्र ३२ ने भागला तर पट्ट्याच्या वर राहतो आणि ३३ ने भागला तर खाली जातो.

भागाकार असा. ७४एचसीयू०४ या चकतीतल्या एका उलटक्याभोवती स्फटिक, एक मेगओहमचा रोध आणि दोन लहान धारित्रे लावून आंदोलक होतो. धारित्रे तापमानाने न बदलणाऱ्या एनपीओ जातीची घ्यावीत, त्यांतले एक फिरते. पुढे ७४एचसी१६३ हा गणक १५ पर्यंत मोजतो. प्रत्येक वेळी त्यास शून्याऐवजी ३ वर परत आणले की ३ ते १५ असे १३ टप्पे होतात. परत आणण्याचा इशारा उलटा करावा लागतो. त्यासाठी पहिल्याच चकतीतला मोकळा उलटक्या चालतो. शेवटी ७४एचसी७४ मध्ये दोनाने भागावे. हा भागाकार शेवटीच का ? कारण त्याने लहरीचे दोन्ही अर्ध सारखे होतात आणि सम पटीचे उपसूर बहुतांशी नाहीसे होतात. वीज १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ७८०५ मधून घ्यावी, म्हणजे मोटरींचा उपद्रव संपला.

भागल्याने हर्ट्झमधली चूकही २६ पटींनी घटते, मात्र प्रमाणातली चूक तीच राहते. स्वस्त स्फटिकाची चूक दहा लाखांत तीसपर्यंत, म्हणजे आपल्या सुरात चार हर्ट्झ. ती काढण्यास उपग्रहाच्या घड्याळाचे स्वस्त मंडल वापरावे. ते दर सेकंदास एक अचूक ठोका देते. दहा ठोके होईतो स्फटिकाचे झोके मोजावेत. ३,५७,९५,४५० भरले पाहिजेत. दहाचा फरक पडला तर सुरात अवघा ०.०४ हर्ट्झ. मोजणी नसेल तर दोन सूर एकत्र ऐकावेत. नारायणगावच्या तमाशाच्या फडात तुणतुणे लावणारा हेच करतो : सूर जवळ आले की हेलकावे मंदावतात, जुळले की थांबतात. यंत्र थर्मोकोलच्या डब्यात ठेवून तासभर तापू दिल्यावरच फिरते धारित्र फिरवावे.

इथवर झाले आणि आम्ही खुशीत शेजारी एक छोटा रेडिओ लावला. सबंध मध्यम लहरींवर शिट्ट्याच शिट्ट्या ! चौकोनी लहरीचा पाचवा उपसूर ६८८ किलोहर्ट्झवर येतो. स्फटिकाचा बेचाळिसावा उपसूर १५० मेगाहर्ट्झवर, आणि खोडदची दुर्बीण १२५ पासून २५० मेगाहर्ट्झपर्यंतही ऐकते. आमचे यंत्र काही बोलत नव्हते, नुसते मेजावर पडले होते; एरियलच्या जागी ५० ओहमचा रोध होता. आकाशातून येणारी कुजबूज इतकी क्षीण की ही किरकिरही तिला जड. मग रेल्वेच्या वरच्या तारेशी घासताना उडणाऱ्या ठिणग्यांचे काय, हे कळावयास आम्हांस दुसऱ्या गुरूची गरज पडली नाही.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन, झाकण चोहोबाजूंनी डाखून, बाहेर पडणाऱ्या तारेवर गाळणी बसविल्यावर रेडिओ गप्प झाला. खरे प्रक्षेपण परवान्यात नमूद असलेल्या पट्ट्यांवरच करावे, आणि त्या दोन तालुक्यांत ते न केलेलेच बरे, असे आमचे मत आहे.

पुढच्या सभेस हा डबा आणि रेडिओ आम्ही बरोबर नेला. झाकण काढून दाखविले, लावून दाखविले. रेल्वे मात्र हवीच, दुर्बिणीपासून दूरच्या मार्गाने का होईना, हा ठराव त्याच सभेत झाला.